मी शपथ देणं का सोडलं

दारू सोडायची तर माणसानं शपथ घ्यावी, आणि ती गावासमोर घ्यावी, असं मी जवळजवळ सगळं नोकरीचं आयुष्य मानत आलो. नुसतं मानलं नाही, मी स्वतः शपथा दिल्या. अमरावती जिल्ह्यातल्या एका कनिष्ठ महाविद्यालयात मी जीवशास्त्र शिकवायचो आणि राष्ट्रीय सेवा योजनेचं काम बघायचो. आमची हिवाळी शिबिरं दर्यापूर, अंजनगाव, भातकुली, चांदूर बाजार या तालुक्यांतल्या गावांत व्हायची. सकाळी श्रमदान, दुपारी बौद्धिक, रात्री खंजिरीवर भजन, आणि शेवटच्या रात्री व्यसनमुक्तीचा कार्यक्रम. गावातली पिणारी माणसं पुढे यायची, कोणी आपणहून, कोणी बायकोनं पाठवलेलं. समोर गाडगेबाबांचा आणि राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांचा फोटो, प्रत्येकाच्या हातात नारळ, आणि मी म्हणेन ते त्यांनी माझ्यामागून म्हणायचं. टाळ्या व्हायच्या. बायाबापड्या डोळे पुसायच्या.

ते सगळं मनापासून होतं, हे आधी सांगितलं पाहिजे. मी ज्या मातीत वाढलो तिथं दारूविरुद्ध बोलणं ही कुणाची फॅशन नव्हती. गाडगेबाबा अंजनगाव सुर्जी तालुक्यातल्या शेंडगावचे. त्यांचे वडील झिंगराजी दारूपायी गेले, जमीन गेली, आणि लहानग्या डेबूला, म्हणजे गाडगेबाबांना, घेऊन आई सखुबाईला मूर्तिजापूर तालुक्यात दापुऱ्याला भावाच्या आश्रयाला जावं लागलं. आमच्या भागात ही गोष्ट कीर्तनातून कळायच्या आधी घरातूनच कळते, कारण प्रत्येक वाड्यात एखादा झिंगराजी होऊन गेलेला असतो. आमच्याकडे आजोबा होते.

आता मी शपथ देत नाही. कोणी बोलावलं तर जातो, बोलतो, पण शपथेचा कागद समोर आला की नम्रपणे बाजूला सारतो. जुने सहकारी यामुळे दुखावले आहेत. त्यांना तोंडी सांगताना माझं बोलणं नेहमी अर्धवट राहतं, म्हणून हे लिहायला घेतलं.

कारण माझा धाकटा भाऊ आहे. त्याच्या परवानगीनं लिहितो आहे, नाव सांगणार नाही. दर्यापूर तालुक्यात त्याचं कृषी सेवा केंद्र आहे. आमचा तो खारपाणपट्टा. जमिनीखालचं पाणी खारट, त्यामुळे ओलीत कमी आणि सगळं पावसावर. खरिपात बियाणं, खत, फवारणीची औषधं उधारीवर द्यायची आणि कापूस घरात आला की वसुलीला फिरायचं, असा त्याचा धंदा. वसुलीच्या फेरीत, कंपन्यांच्या डीलर मीटिंगमध्ये, लग्नाच्या वरातीत, सगळीकडे बाटली होतीच. आधी संध्याकाळी, मग दुपारी, शेवटी शेवटी सकाळी हात थरथरू नयेत म्हणून अर्धी क्वार्टर घेऊनच तो दुकानाचं शटर वर करायचा.

त्याला मीच शपथ दिली. एकदा नाही. शेगावला गजानन महाराजांच्या मंदिरात दिली, आईच्या वर्षश्राद्धाला दिली, मुलीच्या डोक्यावर हात ठेवून दिली. प्रत्येक वेळी त्याला ती मनापासून घ्यायची होती, हे मी आज ठामपणे सांगू शकतो. त्या काळात मी म्हणायचो की याच्या मनात खोट आहे.

आईच्या वर्षश्राद्धाच्या वेळची शपथ त्यानं अक्षरशः पाळली. त्या दिवसापासून थेंब नाही. आम्ही सगळे खूश. तिसऱ्या रात्री त्याला घामाच्या धारा लागल्या, भिंतीवरून मुंग्यांची रांग चालली आहे म्हणून तो हातानं भिंत झाडू लागला, कोणीतरी दुकान लुटतंय म्हणून ओरडू लागला, आणि पहाटे त्याला झटका आला. घरात काहींना वाटलं बाहेरचं काही लागलं. दवाखान्यात नेलं म्हणून वाचला.

मनोविकारतज्ज्ञ तरुण होते. त्यांनी मला शांतपणे जे सांगितलं ते जीवशास्त्राच्या मास्तराला माहीत असायला हवं होतं. वर्षानुवर्षं रोज दारू पिणाऱ्याचा मेंदू त्या गुंगीला सरावलेला असतो. तिला तोंड देत जागं राहण्यासाठी तो स्वतःला सतत ताणलेल्या अवस्थेत ठेवतो. दारू एकाएकी काढून घेतली की तो ताण मोकाट सुटतो. शेवटच्या घोटानंतर पहिल्या दोन दिवसांत झटके येऊ शकतात, आणि साधारण दुसऱ्या ते चौथ्या दिवसात भ्रम, भास, ताप, वाढलेले ठोके. उपचार न मिळाले तर माणूस दगावतो. म्हणून खूप पिणाऱ्याची दारू डॉक्टरांच्या देखरेखीखाली, औषधांच्या आधारानं सोडवायची असते. ब१ जीवनसत्त्वाची इंजेक्शनं द्यायची असतात. मी गावोगाव ज्यांच्या हातात नारळ दिला त्यांतल्या कितीजणांनी घरी जाऊन असा तिसरा दिवस एकट्यानं काढला असेल, हा विचार त्या दिवसापासून माझ्या डोक्यातून गेलेला नाही. जे पुन्हा प्याले त्यांतले काही त्या तिसऱ्या दिवशी, जीव जातोय असं वाटून प्याले असतील. आम्ही त्यांना बोलघेवडे म्हणत होतो.

त्याच डॉक्टरांनी निघताना भावाला सांगितलं की औषधानं शरीरातली दारू निघेल, पुढचं राहणं औषधानं होत नाही, तुम्ही एएच्या मीटिंगला जा. अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस. अमरावतीला गट आहे, अकोल्याला आहे, विदर्भात ठिकठिकाणी आहेत.

मला तेव्हाही ते पटलं नाही. माझे आक्षेप मी त्यांच्यासमोरच मांडले, आणि ते मला अजून पाठ आहेत. पहिला, नाव लपवण्याचा. ज्यानं चूक केली त्यानं गावासमोर यावं, आडनाव गाळून अंधाऱ्या खोलीत का बसावं? दुसरा, त्यांच्या बारा पायऱ्यांतल्या पहिल्याच पायरीचा, की दारूपुढे आम्ही हतबल आहोत हे मान्य करायचं. आयुष्यभर पोरांना इच्छाशक्ती शिकवली, आणि इथं सुरुवातच हार मानून? तिसरा आक्षेप सर्वांत रागाचा होता. दारूबंदी असावी की नसावी यावर एए संघटना म्हणून काहीही बोलत नाही, त्यांच्या परंपरेतच ते बसत नाही, असं कळलं तेव्हा मला तो सरळ पळपुटेपणा वाटला. आमच्या शेजारचा वर्धा जिल्हा १९७० च्या दशकापासून दारूबंदीचा. गडचिरोलीच्या बायांनी १९९३ मध्ये बंदी आणून घेतली. चंद्रपूरला २०१५ मध्ये झाली आणि २०२१ मध्ये उठवली, तेव्हा मी दोन दिवस नीट जेवलो नाही. आडव्या बाटलीच्या, म्हणजे गावातलं दारूचं दुकान बंद करायच्या मतदानासाठी बायांच्या सह्या गोळा करत मी उन्हातान्हात फिरलेलो. आणि ज्यांचं सगळं दारूनं नेलं तीच माणसं म्हणतात, आमचं मत नाही?

भावाला मी म्हटलं, "तुले खोलीत बसून गोष्टी सांगायच्या असतील तं माह्या घरी ये." तो काही बोलला नाही.

त्यानंतर काही महिन्यांनी कानावर आलं की तो आठवड्यातून दोनदा संध्याकाळी दुकान लवकर बंद करून म्हैसांगवरून अकोल्याला जातो आणि रात्री उशिरा परततो. सामान आणायला म्हणावं तर पिशवी रिकामी. मी निष्कर्ष काढायला वेळ लावला नाही: दर्यापुरात लोक बघतात, म्हणून हा अकोल्यात जाऊन पितो. रविवारी तडक त्याच्या घरी गेलो आणि ओसरीवरच आवाज चढवला.

माझी भावजय माझ्यासमोर आजवर मोठ्यानं बोललेली नव्हती. मी भासरा; आमच्याकडे अजून तेवढं अंतर पाळतात. त्या दिवशी ती डोक्यावरचा पदर सावरत बाहेर आली आणि म्हणाली, "दादा, ते अकोल्याले प्याले नाही जात. मीटिंगले जातात. अमरावतीले काहून जात नाही माहीत हाय का? तिथं तुम्हाले सारे ओयखतात. तुमचा भाऊ म्हणून त्याहीले तोंड दाखवाची लाज वाटते."

मी अमरावतीत व्यसनमुक्तीचा कार्यकर्ता म्हणून ओळखला जात होतो, आणि त्या ओळखीमुळे माझ्या भावाला बरं होण्यासाठी दुसऱ्या जिल्ह्यात जावं लागत होतं. नाव लपवण्यावरचा माझा आक्षेप त्या ओसरीवरच संपला. आमच्यासारख्या गावात आडनावाला वाडा असतो, सोयरिक असते, पतसंस्थेतलं कर्ज असतं, लग्नाच्या वयाची पोरगी असते. मुलीच्या स्थळाला "बाप मीटिंगले जाते म्हणे" एवढं कळलं तरी पुरे. पिणं गावाला चालतं, दिसतं, खपतं. सोडण्यासाठी मदत घेणं खपत नाही. त्या खोलीत नाव न विचारणं म्हणजे दाराची उंची कमी करणं आहे, ज्याला अजून नीट उभंही राहता येत नाही त्याला आत येता यावं म्हणून.

पुढे मी स्वतः अकोल्याला गेलो. काही मीटिंगा फक्त दारूचा त्रास असलेल्यांसाठी असतात, काही खुल्या असतात, तिथं घरच्यांना किंवा इतरांना बसता येतं. भावानं आधी गटाला विचारलं, मग मला सांगितलं. जागा कुठली ते लिहीत नाही. साधी वर्गखोली होती, लाकडी बाकं, भिंतीवर मराठीत छापलेल्या बारा पायऱ्या आणि बारा परंपरा. चहा झाला. सुरुवातीला प्रार्थना, थोडं वाचन, मग एकेक जण बोलू लागला. "मी अमुक, अल्कोहोलिक," एवढं म्हणून सुरुवात, आणि सगळे एका आवाजात त्याचं नाव घेऊन नमस्कार करणार. तिथं कोण काय बोललं ते तिथंच ठेवायचं असतं, म्हणून सांगत नाही. एवढं सांगतो की कुणी कुणाला उपदेश केला नाही. मधे कुणी तोडलं नाही. "तू असं करायला पाहिजे होतं" हे वाक्य त्या सबंध वेळात एकदाही ऐकू आलं नाही. माझ्या व्यसनमुक्तीच्या कार्यक्रमात दुसरं काही नसायचंच.

एका प्रसंगाबद्दल मात्र संबंधितांची परवानगी घेतली आहे. मीटिंग अर्धी झाल्यावर एक गृहस्थ दारात आले. बऱ्याच दिवसांची सोबरायटी मोडली होती त्यांची, आणि त्या क्षणीही प्यालेलेच होते. वास दारापासून माझ्यापर्यंत आला. माझे सगळे स्नायू ताठ झाले. आमच्या कार्यक्रमात शपथ मोडलेला माणूस असा आला असता तर मी काय केलं असतं हे मला पक्कं माहीत होतं. इथं एकानं बाकावर सरकून जागा केली. दुसऱ्यानं चहा आणला. मीटिंग चालवणाऱ्यानं एवढंच म्हटलं, "बरं झालं आले. आज बोलू नका, आयका." ते बसून राहिले. संपल्यावर दोघं जण त्यांना घरी सोडायला गेले, आणि दुसऱ्या दिवशी डॉक्टरांकडे कोण नेणार हे जाता जाता ठरलं.

शपथेत आणि या खोलीत फरक काय, हे मला तिथं बाकावर बसून दिसलं. शपथ आयुष्यभराची असते आणि एकदाच मोडते. मोडली की माणूस खोटा ठरतो, आणि ज्यानं शपथ दिली त्याच्यासमोर यायचं तोंड त्याला उरत नाही. म्हणजे ज्या घडीला त्याला माणसांची सर्वाधिक गरज, नेमक्या त्याच घडीला आम्ही दिलेली शपथ त्याला माणसांतून उठवते. भावानं नंतर मला हेच त्याच्या शब्दांत सांगितलं: "दादा, तुमची शपथ मोडली का मी तुमच्यापासून लपत होतो. अन् लपलो का पेत होतो." मीटिंगमध्ये आयुष्यभराचं कुणी मागतच नाही. आजचा दिवस मागतात. आजचा मोडला तर उद्या पुन्हा मीटिंग असते, आणि बाक तिथंच असतो.

घरी आल्यावर मी वाचायला बसलो. जे वाचलं त्यातली एक गोष्ट मी आता प्रत्येक ठिकाणी सांगतो. १९३५ चा मे महिना. न्यूयॉर्कचा शेअर दलाल बिल विल्सन, दारू सुटून पाचेक महिने झालेला, धंद्याच्या कामासाठी ओहायो राज्यातल्या अ‍ॅक्रन गावी आला होता. काम फसलं. हॉटेलच्या दालनात एका बाजूला बार आणि दुसऱ्या बाजूला टेलिफोन. तो फोनकडे गेला आणि चर्चच्या यादीवरून नंबर फिरवू लागला. त्याला उपदेशक नको होता, बोलायला दुसरा दारुडा हवा होता. त्या फोनांतून १२ मे रोजी त्याची गाठ पडली डॉ. बॉब स्मिथ या शल्यचिकित्सकाशी. पंधरा मिनिटं बसतो म्हणून आलेले डॉक्टर रात्री उशिरापर्यंत उठले नाहीत. पुढची गोष्ट मला कोणी सांगितली नव्हती. त्या भेटीनंतर डॉक्टर बॉब वैद्यकीय परिषदेला अटलांटिक सिटीला गेले आणि तिथं पुन्हा प्याले. चांगलेच प्याले. परत आले तेव्हा बिल त्यांच्या घरीच होता. त्यानं त्यांना सावरलं, आणि त्यांनी शेवटचा घोट घेतला तो दिवस, १० जून १९३५, हा एएचा स्थापनादिन मानतात. ज्या संघटनेचा जन्मच एका घसरणीनंतर झाला तिला घसरलेला माणूस परका कसा वाटेल?

त्याआधी जवळजवळ शंभर वर्षं, १८४० मध्ये, बाल्टिमोरच्या सहा पिणाऱ्यांनी वॉशिंग्टोनियन नावाची चळवळ सुरू केली होती. तिचा मुख्य आधार लेखी प्रतिज्ञा. लाखोंनी सह्या केल्या, मिरवणुका निघाल्या, राजकारणी आले, दारूबंदीचे वाद आत शिरले, आणि दहा वर्षांच्या आत ती विस्कटली. कोणत्याही बाहेरच्या प्रश्नावर मत द्यायचं नाही हा एएचा नियम मला मग समजला. त्या खोलीत बारचा मालक बसू शकतो, उत्पादन शुल्क खात्यातला माणूस बसू शकतो, दारूबंदीच्या मोर्चात घोषणा देणाराही बसू शकतो. खोलीनं एकाची बाजू घेतली की बाकीचे बाहेर. मी दारूबंदीवाला होतो, आजही आहे. शाळेजवळच्या देशीच्या दुकानाविरुद्ध उद्या सह्या गोळा करायच्या असतील तर मी येईन. पण ते काम चावडीवर करायचं, त्या खोलीत नाही.

एक वेळ अशी आली की मला वाटू लागलं, हे सगळं परदेशी, आपल्या संतांच्या वाटेपासून दूर जातोय का आपण? मग मी गाडगेबाबांच्याच गोष्टी पुन्हा डोळ्यांखालून घातल्या. मुलीच्या बारशाला जातीच्या रिवाजाप्रमाणे दारू आणि मटण हवं होतं. डेबूजींनी पंगतीला गोडधोड वाढलं. कुणाकडून काही वदवून घेतलं नाही. दारूशिवाय पंगत होऊ शकते हे त्यांनी पंगत घालून दाखवलं. तुकडोजी महाराजांनी गुरुकुंज मोझरीला पाया घातला तो रोजच्या सामुदायिक प्रार्थनेवर. रोज, ठरल्या वेळी, सगळ्यांनी एकत्र बसायचं. आमच्या गावात माळ घातल्यावर ज्यांची दारू कायमची सुटली असे माळकरी मी पाहिले आहेत, आणि आता मला उमगतं की माळेबरोबर त्यांना दिंडी मिळाली होती, एकादशी मिळाली होती, गुरुवारचं भजन मिळालं होतं. संध्याकाळी सातला जायला जागा मिळाली होती. मी संतांकडून नारळ आणि फोटो घेतला, आणि रोजचं बसणं तेवढं मागे सोडलं.

भावना बाजूला ठेवून पुरावा मागायची मास्तरकीची सवय मला आहे. २००६ मध्ये कॉक्रेन या संस्थेनं एएवरच्या अभ्यासांचा आढावा घेतला तेव्हा ठोस पुरावा नाही असं म्हटलं होतं. २०२० मध्ये जॉन केली, कीथ हम्फ्रीज आणि मारिका फेरी यांनी नवा आढावा घेतला. २७ अभ्यास, साडेदहा हजारांवर माणसं. रुग्णाला एएशी पद्धतशीर जोडून देणारे उपचार ज्यांना मिळाले त्यांच्यात वर्षानंतर पूर्ण कोरडे असलेले सुमारे ४२ टक्के होते, इतर मान्य उपचारांत सुमारे ३५ टक्के. याचा अर्थ निम्म्याहून जास्त माणसांची वर्षभराची सलग सोबरायटी दोन्हीकडे राहत नाही. हा आकडा मी लपवत नाही, कारण म्हणूनच परत येण्याची वाट मोकळी असावी लागते.

आपल्याकडचा खरा प्रश्न तर त्याच्याही अलीकडचा आहे. केंद्र सरकारसाठी एम्सनं केलेल्या आणि २०१९ मध्ये जाहीर झालेल्या सर्वेक्षणानुसार दारूचं अवलंबित्व असलेल्या ३८ जणांपैकी एकालाच कसलीतरी मदत मिळते. एकाला! उरलेल्यांच्या घरी काय चालतं ते मला माहीत आहे. पेपरातल्या जाहिराती वाचून "रुग्णाच्या नकळत" चहात घालायची पूड आणली जाते. भावजयीनंही आणली होती, शेजारणीच्या सांगण्यावरून. अशा पुडीत काय असतं कुणाला ठाऊक नसतं. दारूची शिसारी आणणारं औषध असेल आणि वरून माणूस प्याला तर रक्तदाब कोसळून जीवावर बेतू शकतं. ते औषध डॉक्टर देतात, पण रुग्णाला सांगून, समजावून.

म्हणून आता कुणी विचारलं की मी आधी डॉक्टरकडे पाठवतो. अकोल्याला शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे, अमरावतीला जिल्हा रुग्णालय आहे. १४४४६ ही व्यसनमुक्तीची राष्ट्रीय हेल्पलाइन आहे, आणि १४४१६ वर टेलिमानसवाले मानसिक आरोग्यासाठी फोन घेतात. भरती व्हायचं असेल तर पुण्याचं मुक्तांगण आहे, १९८६ मध्ये डॉ. अनिता आणि अनिल अवचट यांनी पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे यांच्या मदतीनं उभं केलेलं. मीटिंगचा पत्ता हवा तर एएच्या हेल्पलाइनवर विचारायचं, किंवा डॉक्टरांना. बहुतेकांच्या टेबलाच्या काचेखाली नंबर असतो. पहिल्या दिवशी एकटं जाववत नसेल तर सांगायचं, कोणीतरी चौकापर्यंत घ्यायला येतं. फी नाही, नोंदणी नाही. दारू सोडण्याची इच्छा एवढीच अट. पहिली मीटिंग आवडली नाही तर दुसऱ्या गटात जायचं; एका गटावरून ठरवायचं नाही. पावसाळ्यात पूर्णेला पूर येतो तेव्हा भाऊ फोनवरच्या मीटिंगला बसतो.

माझं सगळंच मतपरिवर्तन झालंय असं मात्र नाही. हतबलतेची ती पहिली पायरी मला अजून अडखळवते. भाऊ म्हणतो, "तुम्ही प्याले नाही दादा, तुम्हाले ते कयणार नाही," आणि मी ते तिथंच सोडून देतो. शिवाय बायांचा प्रश्न आहे. पिणाऱ्यांच्या घरच्यांसाठी अल-अनॉन आहे, १९५१ मध्ये बिल विल्सनच्याच पत्नीनं, लोइसनं, मैत्रिणीबरोबर सुरू केलेलं. पण तालुक्याच्या गावातली बाई संध्याकाळी घर सोडून जाणार कशी? आणि जी बाई स्वतः पिते तिचं काय? तिच्यासाठी तर अकोलाही जवळ नाही. याबद्दल आपण बोलतच नाही.

गेल्या उन्हाळ्यात एका लग्नाहून परतल्यावर भावाचा सकाळी फोन आला. "दादा, काल घेतली." आमच्या इतक्या वर्षांच्या नात्यात त्यानं स्वतःहून असं सांगितल्याची ती पहिली वेळ. जुनं सगळं माझ्या जिभेवर आलं होतं, मुलीची शपथ, आईचं श्राद्ध. मी विचारलं, "मीटिंग कवा हाय?" तो म्हणाला, संध्याकाळी, अमरावतीले. अमरावतीले! मी बसस्टँडवर त्याला घ्यायला गेलो, आणि राजकमल चौकातून, जिथं दहा पावलांवर कोणीतरी "सर नमस्कार" म्हणतं, आम्ही दोघं पायी गेलो. ती मीटिंग खुली नव्हती. मी बाहेर टपरीवर थांबलो.

आता दर्यापुरात गट सुरू करायचं चाललं आहे. त्यासाठी दोन-तीन माणसं पुरतात, आणि तेवढी आहेत. अडचण जागेची. एका संस्थेच्या मंडळींना भेटलो. माझ्या शपथेच्या कार्यक्रमांना त्यांनी वर्षानुवर्षं सभागृह फुकट दिलं होतं, स्टेजसकट. या वेळी त्यांचे चेहरे बदलले. "सर, तुमचं ठीक आहे, पण दर आठवड्याले बेवडे जमा होतील इथं." मी त्यांना अकोल्याची खोली सांगितली, डॉक्टर बॉबची गोष्ट सांगितली. त्यांना पटलं नाही, आणि मला त्यांचा राग आला नाही, कारण तिथं बसून मीच बोलतोय असं मला ऐकू येत होतं. शेवटी दुसरीकडे एक छोटी खोली मिळाली, आठवड्यातून एक संध्याकाळ. भाडं मी भरतो म्हटलं. भावानं नाही म्हटलं. गट स्वतःच्या पैशानं चालायला हवा, बाहेरच्याकडून काही घ्यायचं नाही, तशी त्यांची परंपरा आहे. चहाची किटलीसुद्धा त्यांनी वर्गणी काढून घेतली. मला एवढंच काम दिलंय की दर्यापूर-अंजनगावकडच्या डॉक्टरांना आणि औषधाच्या दुकानदारांना जाऊन वार आणि वेळ सांगायची, आणि विचारलं तरी कुणाचं नाव सांगायचं नाही.